सुधन्वाचं पहिलं मत

"मीही येतोय," सुधन्वा म्हणाला.

शाल्मली दाराशी बसून बूट चढवत होती. मी तिच्यासाठी पोळीभाजीचा रोल कागदात गुंडाळत होते. आम्ही दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं.

"कुठे?" मी विचारलं.

"शाळेत. कॉकसला. आणखी कुठे?"

"बाबा, दोन तास लागतात," शाल्मली म्हणाली. "कधी कधी तीन. तिथे नुसती गर्दी असते, बसायला नीट खुर्च्यासुद्धा नसतात."

"मी माझी घेऊनच येतो," व्हीलचेअरच्या हातावर थाप मारत तो म्हणाला.

बाहेर आयोवाचा हिवाळा होता. अंगणातलं बर्फ दगडासारखं घट्ट झालेलं, आणि श्वास घेतला की नाकात टोचायचं. अशा थंडीत सुधन्वाचे पाय आणखी आखडायचे. मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन त्याला आठ वर्षं झाली होती. आधी काठी आली, मग वॉकर, आणि दोन वर्षांपूर्वी ही खुर्ची.

"अरे, पण घरी कुणीतरी हवं म्हणून मीच जात नाहीये," मी म्हणाले. "आपण दोघं टीव्हीवर बघू."

"उल्का, मी नागरिकत्व टीव्ही बघायला घेतलं का?"

वीस वर्षं तो म्हणत आला होता, आपण सांगलीला परत जायचं, मग इथलं नागरिकत्व कशाला? मी अमेरिकन झाले, शाल्मली तर इथेच जन्मलेली, तरी ह्याचा भारतीय पासपोर्ट कपाटात होता. मग खुर्ची आली. परत जाण्याचं बोलणं कुणीही बंद केलं नाही, ते आपोआप बंद पडलं. मागच्या उन्हाळ्यात त्यानं बसूनच शपथ घेतली होती. हे त्याचं ह्या देशातलं पहिलं मत होतं.

"चल ना मग, बाबा!" शाल्मली एकदम खुलली. तिनं हिशेब केला असावा, बाबा येणार म्हणजे आईही येणार, दोन माणसं वाढली. "आई, गाडी तापव."

पण मला जायचंच नव्हतं, आणि त्याचं खरं कारण सुधन्वाची थंडी हे नव्हतं.

आयोवात तेव्हा पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला मतपेटी नसायची. त्याऐवजी हे कॉकस असे: वस्तीतली माणसं संध्याकाळी एका ठिकाणी जमत, प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा दिलेला असे, आणि तुम्ही चालत जाऊन आपल्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. सगळ्यांच्या देखत. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात ठरावीक हिश्शापेक्षा कमी माणसं, तो कोपरा बाद. त्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसऱ्यांना आपल्याकडे ओढायचं. शेवटी पात्र कोपऱ्यांना डोक्यांच्या हिशेबानं पक्षाचे प्रतिनिधी वाटून मिळत.

मी वाईची. आमच्याकडे वडील मतदान करून आले की आई विचारायची, "कुणाला दिलंत?" आणि ते म्हणायचे, "चहा टाक." आयुष्यभर त्यांनी ते सांगितलं नाही, आणि आईनंही तिचं सांगितलं नसणार. मत म्हणजे असं पडद्याआडचं काहीतरी, हे माझ्या हाडात मुरलेलं. आणि इथे लेकीच्या डोळ्यांसमोरून चालत जायचं होतं.

शाल्मली एकोणीस वर्षांची. आमच्याच गावातल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. सप्टेंबरपासून ती सिनेटर हॅलोरनसाठी दारोदार फिरत होती. हॅलोरन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पिंजारलेल्या केसांचा, हात उगारून बोलणारा. सगळी तरुण मुलं त्या म्हाताऱ्याच्या मागे वेडी झाली होती. खासगी विमा कंपन्या बंद, औषधपाणी सरकार बघेल, शिक्षण फुकट, असं तो म्हणायचा. आणि आमच्यासारखी पन्नाशी-साठीतली माणसं मात्र गव्हर्नर लिंडक्विस्ट बाईंकडे झुकलेली. बाई शांत, कमी बोलणाऱ्या. आहे ते टिकवू, थोडं थोडं दुरुस्त करू, एवढंच त्यांचं म्हणणं. शाल्मली मला विचारायची, "आई, तू आमच्याकडेच ना?" मी म्हणायचे, "बघू." तिनं त्याचा अर्थ हो असा लावला होता.

शाळेच्या जिममध्ये आधीच गलका होता. ओले बूट, जाडजूड कोट, कुणीतरी आणलेल्या कुकीज. आमची वस्ती म्हाताऱ्यांची. विद्यार्थी सगळे कॅम्पसजवळ राहतात, त्यांचं कॉकस वेगळं. त्यामुळे आमच्याकडे तरुण थोडेच होते. जे होते, त्यांना शाल्मलीनं एकेकाला फोन करून बोलावून घेतलं होतं. त्यांच्या कोपऱ्याची ती प्रमुख होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली उभी राहून ती हात हलवत होती. बाकीच्या जिमभर पांढरी डोकी दिसत होती.

अध्यक्ष म्हणून हायस्कूलमधले निवृत्त शिक्षक नोव्हाक होते. त्यांनी दरवाजे बंद करायला सांगितले, नियम वाचले आणि म्हणाले, "मित्रहो, आपापल्या कोपऱ्यात चला."

माणसं हलली. मी खुर्चीच्या मागे उभी होते. सुधन्वानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"जा तू," तो म्हणाला. "माझं मी बघतो."

मी निघाले. जिमच्या मध्यावर आल्यावर शाल्मलीनं मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले, ये ये म्हणून. मी तिच्याकडे पाहून हसले, आणि डावीकडे वळले. लिंडक्विस्ट बाईंच्या कोपऱ्यात आमची शेजारीण मार्लीन होती. आयुष्यभर तिनं शाळेची बस चालवलेली, सत्तरीतही खणखणीत आवाज. "ये गं, ये!" म्हणत तिनं मला बाजूला ओढून घेतलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा शाल्मलीचे हात खाली आलेले होते. ती रागावलेली नव्हती. रस्त्यात ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि ते भलतंच निघावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

सुधन्वा अजून मधोमध होता. नोव्हाक म्हणाले, "सर, आपण कुठे?"

"एक मिनिट," तो म्हणाला. त्यानं चारही दिशांना पाहिलं. मग चाकं फिरवत स्टेजच्या बाजूला गेला. तिथे 'अजून ठरलेलं नाही' अशा अर्थाची एक पाटी टेकवलेली होती. नियमात तीही सोय होती, पण तिच्याखाली कुणीच नव्हतं. तो एकटा जाऊन तिच्याखाली बसला. लोक हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

मोजणी झाली. बाईंच्या कोपऱ्याला काळजीच नव्हती. तिसरा उमेदवार होता कर्नल टॉलिव्हर, त्याच्यामागे पाच-सहा माणसं, म्हणजे बाद. आणि हॅलोरनच्या कोपऱ्यात पात्र ठरायला एक माणूस कमी पडलं.

एकच.

"आता अर्धा तास," नोव्हाक म्हणाले. "बोला एकमेकांशी. त्यानंतर पुन्हा मोजू."

शाल्मली धावली ती आधी कर्नलच्या माणसांकडे. ते हटून बसले होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "पोरी, आम्ही तुझ्याकडे येत नाही. तुम्हीच या आमच्याकडे." तिथून ती थेट स्टेजकडे गेली. मी ते पाहिलं आणि माझे पाय आपोआप तिकडे निघाले.

"बाबा, एकच हवंय," ती धापा टाकत सांगत होती. "तू आलास की झालं. प्लीज."

"अगं, त्याला विचार तर करू दे," मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "आणि तू तिकडे का, आई?"

"मला ती बाई बरी वाटते."

"बरी वाटते? ती म्हणते सगळं आहे तसंच ठेवायचं!"

"हो. मला आहे तसंच हवंय."

आम्ही मराठीतच बोलत होतो. तिचं मराठी एरवी अडखळायचं, पण भांडताना सरळ यायचं. आजूबाजूची माणसं शब्द कळत नसूनही थोडी मागे सरकली.

"तू फोनवर रडायचीस," ती म्हणाली. "मी जिन्यात बसून ऐकायचे. सहावीत होते मी. बाबाच्या त्या औषधासाठी तू विमावाल्यांना फोन करायचीस, ते तुला नुसतं संगीत ऐकवत बसायचे, आणि मग सांगायचे नाही. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा करायचीस. भीक मागत असल्यासारखी. ते मला कुणाच्याच आईला करायला लावायचं नाहीये."

"आणि शेवटी मंजूर करून घेतलं ना मी?" माझा आवाज चढला. "आता वर्षातून दोनदा ते औषध मिळतंय. माझ्या नोकरीमुळे मिळतंय. तुझा हॅलोरन येऊन ते सगळं मोडेल, मग मी नव्यानं कुणाला फोन करू?"

"फोन करावाच लागणार नाही, तेच तर सांगतेय!"

"असं कुणी वचन दिलंय तुला?"

"आणि तुला काय वचन आहे? उद्या तुझी नोकरी गेली तर?"

"म्हणूनच तर ती जाऊ देत नाही ना मी!"

फोन तेच होते. ती जिन्यात बसलेली, मी स्वयंपाकघरात उभी. तिनं त्यातून एक शिकून घेतलं होतं, मी दुसरं. आणि आम्ही दोघीही ज्याच्यासाठी भांडत होतो, तो आमच्या मधे बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे मान वर करून पाहत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

आम्ही दोघी त्याच्याकडे वळलो.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "तुम्ही दोघी इतके महिने ह्या निवडणुकीचं बोलताय. दोघीही माझ्या आजाराला मत देताय. मला कुणी विचारलंत, सुधन्वा, तुला काय वाटतं म्हणून?"

"बाबा, तसं नाही—"

"तसंच आहे. रागानं म्हणत नाहीये मी. पण माझं हे पहिलं मत आहे, ते मला आजारावर घालवायचं नाही. मला हा आजार सोडून आणखी बरंच काही आहे." तो माझ्याकडे वळला. "उल्का, माझं दुखणं बाजूला ठेव आणि सांग. ही बाई का?"

मी तोंड उघडलं. आणि मला काहीच सुचेना.

मी शिकलेली बाई. रोज दोन वर्तमानपत्रं वाचायचे. बाईंचं परराष्ट्र धोरण काय, शेतीबद्दल काय म्हणणं, सगळं कधीतरी वाचलेलं. पण त्यातलं एकही मला लागलेलं नव्हतं. आठ वर्षं मी प्रत्येक गोष्टीकडे एकाच प्रश्नातून बघत आले होते, ह्यानं सुधन्वाचं औषध तर बंद होणार नाही ना? तो प्रश्न काढून घेतल्यावर खाली काही उरलंच नव्हतं.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

त्यानं माझा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून शाल्मलीला विचारलं, "आता तू. मला सोडून सांग."

तिची सगळी वाक्यं तयार असायची. दारोदार बोलून पाठ झालेली. नदीच्या पाण्यात शेतांमधून उतरणाऱ्या खतापासून तिनं सुरुवात केली, रेल्वेबद्दल काहीतरी म्हणाली, आणि मधेच थांबली. खाली बुटांकडे बघत राहिली.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"ओरेगॉनला. जंगलांचा अभ्यास करायला. मला तिथे ॲडमिशन मिळाली होती, बाबा. मागच्या वर्षी. मी तुम्हाला सांगितलं, नाही मिळाली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आदल्या वसंतात मीच तिला जवळ घेऊन म्हणाले होते, जाऊ दे, राजा, त्यांचंच नुकसान. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घेतलं होतं.

"का?" मी विचारलं.

"तू एकटी कशी करणार होतीस? बाबाला उचलायचं, नोकरी, ते फोन... कुणी आजारी पडलं तर सगळ्या घरानं त्याच्याभोवती उभं राहायचं आणि कुणी हलायचं नाही, असं आहे इथे. हॅलोरन म्हणतो, ते तसं असायची गरज नाही. तो खरं बोलतो की नाही मला माहीत नाही, आई. पण तसं म्हणणारा तो एकटाच आहे." तिनं नाक पुसलं. "हे मी माझ्यासाठी करतेय. सगळ्यांना सांगते बाबासाठी, पण माझ्यासाठी करतेय."

मागे कुणीतरी जोरात हसलं, कुकीजचा डबा कुठेतरी पडला.

सुधन्वा म्हणाला, "पुन्हा अर्ज कर."

"बाबा..."

"ह्याच वर्षी. मदतीला माणूस ठेवू, मार्लीन येईल, आई आणि मी भांडत भांडत करू काहीतरी. तू इथे माझ्यासाठी थांबलीस, हे मला आवडलेलं नाही. ते मला ह्या खुर्चीपेक्षा जड आहे. कळलं?"

तिनं मान हलवली. ती रडत होती, आणि तिच्या डोळ्यांत एक आशाही होती. मला वाटलं, आता हा चाकं फिरवणार आणि तिच्याबरोबर जाणार. तिलाही तसंच वाटलं असणार, कारण ती खुर्चीच्या मागे जायला निघाली.

"थांब," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे येत नाहीये."

"काय?"

"मला तो माणूस पटत नाही. फार ओरडतो. मी इतकी वर्षं कारखान्यात काढली. ओरडणाऱ्या साहेबांच्या हाताखाली माणसं चुका लपवायला लागतात, आणि मग लाइन बंद पडते. ही बाई ऐकून घेते. तिच्या सगळ्या सभा टीव्हीवर पाहिल्यात मी, तुम्ही दोघी बाहेर असताना. तिला प्रश्न विचारला की ती आधी गप्प बसते. मला ते आवडतं."

"हे कारण आहे?" शाल्मली जवळजवळ किंचाळली.

"माझं आहे."

"एक माणूस, बाबा! एकच!"

"तू ओरेगॉनला जा म्हणून मी भांडेन. पण मत माझं आहे."

आणि तो निघाला. त्यानं मला खुर्चीला हात लावू दिला नाही. जिमच्या त्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर खुर्ची छान चालायची. लिंडक्विस्ट बाईंचा कोपरा टाळ्या वाजवत होता, मार्लीननं शिट्टी मारली. मी त्याच्या मागोमाग गेले. तो माझ्या बाजूला आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण तो माझ्या बाजूला आलेला नव्हता. तो त्याच्या बाजूला गेला होता, आणि मी मात्र अजून भीतीच्याच बाजूला उभी होते.

नोव्हाकनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

जाळीखालची मुलं शाल्मलीभोवती गोळा झाली होती. एक मुलगी कोट घालून निघायच्या बेतात होती. शाल्मलीनं बाहीनं चेहरा पुसला, त्यांना काहीतरी सांगितलं, त्यांच्यात थोडी वादावादी झाली. मग ती पुढे आणि बाकीची मागे, अशी सगळी रांग जिम ओलांडून चालत गेली ती कर्नल टॉलिव्हरच्या कोपऱ्यात. त्या पाच-सहा म्हाताऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. पुन्हा मोजल्यावर कर्नलचा कोपरा पात्र ठरला, आणि आमच्या बाईंचा एक प्रतिनिधी कमी झाला.

मार्लीन कंबरेवर हात ठेवून बघत होती. "ही तुझी मुलगी?" ती मला म्हणाली. "हिला राजकारण कळतं."

सुधन्वा इतका हसला की त्याला खोकला लागला.

त्या वर्षी पुढे कोण जिंकलं, कोण हरलं, ते सांगण्यासारखं नाही. ऑगस्टमध्ये शाल्मली ओरेगॉनला गेली. आम्ही मदतीला माणूस ठेवला, तो पळाला, दुसरा ठेवला. मी नोकरी सोडली नाही. औषध चालू राहिलं, एकदा बंद झालं, पुन्हा फोन करून मी ते सुरू केलं. सुधन्वा त्यानंतर नऊ वर्षं होता. शाल्मली आता तिथल्या वनखात्यात आहे. दर निवडणुकीला तिचा फोन येतो आणि ती विचारते, "कुणाला, आई?" मी सांगते. मग ती विचारते, "आणि का?" तेही मला सांगता यायला लागलंय, निदान थोडं थोडं.

पण मला त्या संध्याकाळचं सगळ्यात जास्त आठवतं ते परतीचं गाडीतलं.

खुर्ची मागे बांधली होती, सुधन्वा माझ्या शेजारी, शाल्मली मागच्या सीटवर. शाळेच्या फाटकापाशी शाल्मली म्हणाली, "गप्प बसते म्हणून मत? बाबा, तिला उत्तर येत नसेल म्हणून गप्प बसत असेल!"

"तुझ्या हॅलोरनला कुठे येतात? तो तर प्रश्न संपायच्या आधी सुरू होतो."

"त्याला माहीत असतं म्हणून!"

"सगळं माहीत असलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही."

"तू अगदी... तू अगदी हट्टी म्हातारा आहेस!"

"आणि तुझा उमेदवार कोण, तरुण आहे?"

ती ओरडत होती, तो ओरडत होता. सीटच्या पाठीवर ती मुठी आपटत होती. त्याचे कान लाल झाले होते. आणि माझ्या लक्षात आलं, आठ वर्षांत ह्या माणसाशी कुणी भांडलेलं नव्हतं. आजार झाल्या दिवसापासून आम्ही त्याच्याशी हळू बोलत होतो. डॉक्टर हळू बोलायचे, मित्र हळू बोलायचे, शाल्मली तर त्याच्या खोलीत पाऊलही जपून टाकायची. तो म्हणेल त्याला हो म्हणायचं, त्याला दमवायचं नाही. आणि आता त्याची मुलगी त्याला खोटा पाडायला जिवाचं रान करत होती, आणि तो तिला एकही मुद्दा सोडत नव्हता. त्याचा हा जुना आवाज मला ओळखू येत नव्हता, इतक्या वर्षांत तो ऐकलाच नव्हता.

आमच्या रस्त्याचं वळण आलं. खिडक्यांवर वाफ साचली होती, मागे शाल्मली म्हणत होती, "नाही, नाही, आधी माझं ऐकून घे."

मी वळले नाही. गाडी सरळ गावाबाहेरच्या रस्त्याला लावली आणि हीटर थोडा वाढवला. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.